आरंभीचे काम कोठे लिहावे?

आज्ञावलीतील एका घटकाला दुसऱ्याची गरज लागते. बिल करणाऱ्या घटकास माहितीसाठ्याची. ही गरज त्याने स्वतः न भागविता ती बाहेरून पुरवावी, या पद्धतीचे ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ हे नाव मार्टिन फाउलर यांच्या २००४ मधील लेखाने रूढ केले. ‘इंजेक्शन’ म्हणताच दवाखाना आठवतो; म्हणून आपण ‘पुरवठा’ म्हणू.

जावा भाषेतील ‘स्प्रिंग’ ही चौकट हा पुरवठा करते. आता समजा, दुकानाच्या आज्ञावलीने आरंभीच दरपत्रक वाचून ठेवावयाचे आहे. नवशिका ते कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे घटक जन्मतानाच्या सूचनांत, लिहितो. परंतु माहितीसाठा जर जन्मानंतर पुरविला जाणार असेल, तर त्या क्षणी त्याची जागा रिकामीच असते आणि काम तेथेच अडते.

‘पोस्टकन्स्ट्रक्ट’ अशी खूण केलेले कार्य पुरवठ्यानंतर चालते. मात्र अर्धवट राहिलेले लेखन मागे घेणारे व्यवहाराचे कवच तोवर त्या घटकावर चढलेले नसते. ‘स्प्रिंग बूट’मधील ‘अ‍ॅप्लिकेशनरनर’ सर्व जुळणी झाल्यावर चालतो. तो फसला तर आज्ञावली बंद पडते; हा मी गुणच मानतो. पण वेब-आज्ञावलीचे दार त्याआधीच उघडलेले असते! दरपत्रक भरण्यापूर्वी गिऱ्हाईक आले, तर त्याला कोणता भाव सांगणार? म्हणून दर केवळ वाचावयाचे असतील तर ते काम पोस्टकन्स्ट्रक्टकडे द्यावे. साठ्यात नोंदी लिहावयाच्या असतील तर रनरकडे.