श्वेतप्रदरातील परजीवी आणि त्याच्या आतील विषाणू

म्हसावदसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गावी श्वेतप्रदराने त्रस्त स्त्री अनेकदा प्रथम वैद्याकडे वा औषधाच्या दुकानात येते. चरकाचार्यांनी २० योनिव्यापद वर्णिल्या आहेत. त्यांपैकी स्राव, कंडू व दाह असलेल्या अवस्थांत ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस या एकपेशीय परजीवीचा विचार आपण अवश्य करावयास हवा.

या परजीवीच्या पेशीतही विषाणू वास करतो, हे १९८० च्या दशकात आढळले. त्याचे जनुकद्रव्य दुपदरी आरएनए असते. बोस्टन येथील संशोधकांनी २०१२ साली प्रयोगशाळेत दाखविले की, मेट्रोनिडॅझोलने परजीवी मरू लागताच हे विषाणू बाहेर पडतात; योनिमार्गाच्या अस्तरातील पेशी त्यांना ओळखतात आणि दाह वाढतो. परजीवी मेल्यावरही काही रुग्णांत दाह का राहतो, याचे एक संभाव्य कारण येथे मिळते. दक्षिण अमेरिकेतील लीशमानियाच्या एका जातीतही असा विषाणू असून उंदरांवरील प्रयोगांत त्यामुळे व्याधी अधिक तीव्र झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावरून मेट्रोनिडॅझोल टाळावे, असा अर्थ काढू नये. या विषाणूवर स्वतंत्र औषध नाही. परजीवीचा पूर्ण नाश हाच मार्ग होय. म्हणून औषधक्रम पूर्ण व्हावा, पतीचीही त्याच वेळी चिकित्सा व्हावी. दुकानदारांनी चिठ्ठीविना दोन-चार गोळ्या देऊ नयेत. या व्याधीचा अकालप्रसवाशी संबंध आढळला असल्याने गर्भिणीस स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे. दाह टिकल्यास पुन्हा स्रावतपासणी करावी. केवळ योनिधावन व पिचू यांवर दिवस काढू नयेत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.