मकतबमधील खेळ आणि खजुरीचे कोडे

एकदा आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना एक कोडे घातले. ज्याची पाने गळत नाहीत आणि ज्याला मुसलमानाची उपमा शोभते, असे झाड कोणते? सर्वांचे विचार रानातील झाडांकडे धावले. उत्तर होते खजुरीचे झाड. ही हदीस इमाम बुखारी (रह.) यांनी ज्ञानाच्या प्रकरणात घेतली असून, सोबत्यांचे ज्ञान पारखण्यासाठी इमामाने प्रश्न मांडणे, अशा आशयाचा मथळा तिला दिला आहे.

खजुरीची उपमा सरळ सांगता आली असती. परंतु कोडे घातल्याने ऐकणारा आधी स्वतः शोधू लागला आणि मग उत्तराला त्याच्या मनात जागा मिळाली. आपल्या मकतबमधील पाठ मात्र बहुधा उत्तरापासूनच सुरू होतो, आणि मूल कंटाळले की आपण त्याला आळशी ठरवितो.

याच हदीसमध्ये आणखी एक गोष्ट आहे. ह. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना उत्तर सुचले होते, पण ते वयाने सर्वांत लहान, आणि ह. अबू बक्र (रजि.) व ह. उमर (रजि.) गप्प बसलेले. संकोचाने तेही गप्प राहिले. पुढे त्यांनी हे वडिलांना सांगितले, तेव्हा तू बोलला असतास तर मला फार आवडले असते, असे ह. उमर म्हणाले. प्रत्येक वर्गात असे एखादे संकोची मूल असते. चांगला खेळ त्यालाही उत्तर देण्याची वाट करून देतो.

एक उदाहरण घ्या. मराठीत ‘जाळे’ आणि ‘जीव’ यांतील ज आपण वेगवेगळा उच्चारतो, पण लिहितो एकच. अशा मुलासमोर ज़ाल, ज़े, ज़ोय आणि ज़ाद ही चार अक्षरे आली की त्याच्या तोंडून चौघांचा एकच ज होतो. ज़ालसाठी जिभेचे टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागते, तर ज़ादसाठी जिभेची कड वरच्या दाढांना. हे फळ्यावर कितीही समजाविले तरी कानाला ओळख पटत नाही. म्हणून खोलीच्या चार कोपऱ्यांत चार अक्षरे लावावीत. मुअल्लिमांनी एक ध्वनी उच्चारावा, मुलांनी डोळे मिटून त्या कोपऱ्याकडे बोट दाखवावे आणि मगच तिकडे चालत जावे. आधी बोट दाखविल्याने हुशार मुलाच्या मागे धावणे टळते.

चुकलेल्या मुलाला बाद मात्र करू नये. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच अशा खेळात सर्वांत आधी भिंतीला टेकून बसतो. मदीनेत प्रेषितांनी (स.) घोड्यांच्या शर्यती लावल्या, तेव्हा तयार केलेल्या घोड्यांसाठी अंतर सुमारे सहा मैलांचे होते आणि इतरांसाठी सुमारे एक मैलाचे. वर्गातही नव्या मुलाला आधी दोनच कोपरे द्यावेत.

काही वडीलधारे सूरह अल्-अनआमच्या ७० व्या आयतीकडे बोट दाखवितात. धर्माचा खेळ मांडणाऱ्यांविषयी तिथे इशारा आहे, आणि तो धर्माची थट्टा करणाऱ्यांना आहे. अक्षरे, वुज़ूचा क्रम किंवा प्रेषितांची नावे खेळातून शिकविणे ही थट्टा नव्हे. तरीही तिलावत सुरू झाली की खेळ थांबलाच पाहिजे; येथे मी वडीलधाऱ्यांच्याच बाजूचा आहे.

बक्षिसाबाबत जपून असावे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी संशोधकांनी चित्रे काढण्याची आवड असलेल्या लहान मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांना आधीच बक्षीस कबूल केले होते, ती मुले नंतर मोकळ्या वेळी चित्रांकडे कमी वळली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची गोडी तशी उणावली नाही. रोजच्या चॉकलेटचा हिशेब यावरून करावा. आणि मुलांकडून दोन-दोन रुपये गोळा करून जिंकणाऱ्याला सर्व देणे तर सूरह अल्-माइदहमध्ये (९०-९१) निषिद्ध ठरविलेला जुगारच होय. मुअल्लिमांनी पदरचे बक्षीस दिले तर तो प्रश्न येत नाही.

सापशिडी वापरायची असेल तर फासा बाजूला ठेवावा. फाशांच्या खेळाविषयी सहीह मुस्लिममध्ये कडक नापसंती आहे. शिवाय फाशाच्या जोरावर काहीच न शिकलेले मूलही शंभराव्या घरात पोहोचते. त्याऐवजी प्रश्नांच्या चिठ्ठ्या कराव्यात. बरोबर उत्तराला तीन घरे, अर्धवट उत्तराला एक. सापाच्या तोंडी आलेल्याला आणखी एक प्रश्न विचारावा. उत्तर आले, तर सापाने त्याला सोडून द्यावे.