वेल्डिंगचा रॉड आणि जोडाची स्थिती : नवशिक्यांसाठी पाठ

दसरा उलटला की उसाच्या पट्ट्यात गाळप हंगामाची तयारी सुरू होते आणि गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या दुरुस्तीसाठी उभ्या राहतात. एखाद्या ट्रॉलीची बाजूची पट्टी निखळलेली असते, तर एखादीच्या दांडीचा जोड तडकलेला असतो. बाजूच्या पट्टीचा जोड पुन्हा सुटला तर चार मोळ्या रस्त्यावर पडतील. दांडीचा जोड चढावर सुटला तर मात्र भरलेली ट्रॉली मागून येणाऱ्या माणसांवर जाईल. असे असूनही पुष्कळ ठिकाणी ही दोन्ही कामे एकाच रॉडने, एकाच करंटवर आणि ट्रॉली जशी उभी असेल तशाच अवस्थेत केली जातात. वरून दोन्ही जोड सारखेच दिसतात, आणि नवशिक्याची फसगत नेमकी येथेच होते. जोडाची खरी ताकद वरच्या चकाकीत नसून तळाशी, दोन तुकड्यांचे लोखंड एकमेकांत किती मिसळले यात असते. ते मिसळणे रॉडवर आणि जोडाच्या स्थितीवर अवलंबून असते, म्हणून या पाठात प्रामुख्याने या दोन गोष्टींचा विचार केला आहे.

ज्याला आपण रॉड म्हणतो त्याला पुस्तकी भाषेत इलेक्ट्रोड म्हणतात. त्याच्या आत सौम्य पोलादाची तार असते व तारेवर खनिजांचे लेपन असते. होल्डरमध्ये धरण्यासाठी एक टोक उघडे ठेवलेले असते. रॉडचे टोक कामाला टेकवून किंचित उचलले की मधल्या फटीत विजेची ज्योत, म्हणजे आर्क, पेटते. पोलाद सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला वितळते आणि आर्कची उष्णता याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे तारेचे टोक व कामाचा पृष्ठभाग एकाच वेळी वितळून त्यांचा रस एकत्र होतो.

लेपन हे केवळ तारेला गंज चढू नये म्हणून लावलेले असते, असा समज अनेकांचा आढळतो. तो चुकीचा आहे. वितळलेल्या पोलादाला हवेतील प्राणवायू व नत्रवायू लागले तर जोड ठिसूळ व सच्छिद्र होतो. लेपन जळताना निघणारा वायू रसाभोवती आडोसा धरतो. लेपनाचा उरलेला भाग वितळून रसावर तरंगतो व थंड झाल्यावर काचेसारखे कवच होऊन बसतो. हेच ते स्लॅग. आर्क स्थिर ठेवण्याचे कामही लेपनातील द्रव्येच करतात. आरंभीच्या काळात उघड्या तारेनेच वेल्डिंग होत असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात स्वीडनमधील ऑस्कर केलबर्ग यांनी लेपन केलेला रॉड प्रचारात आणला, आणि आर्क वेल्डिंग भरवशाचे होण्याच्या मार्गाला लागले. यावरून ध्यानात यावे की ज्या रॉडचे लेपन टवके उडून गेले आहे तो रॉड म्हणजे जवळजवळ उघडी तारच होय. असा रॉड महत्त्वाच्या कामास वापरू नये.

आता पाकिटावरील आकडे वाचावयास शिकू. अमेरिकन पद्धतीचा ‘ई ६०१३’ हा क्रमांक आपल्याकडेही सर्रास छापलेला असतो. पहिले दोन आकडे ताकद सांगतात. ६० म्हणजे जोडाच्या धातूची ताण सहन करण्याची शक्ती दर चौरस इंचास किमान ६०,००० पौंड, अर्थात दर चौरस मिलिमीटरला सुमारे ४२ किलो. तिसरा आकडा स्थितीचा आहे : १ असल्यास रॉड सर्व स्थितींत चालतो, २ असल्यास फक्त सपाट व आडव्या कोपऱ्याच्या जोडाला. शेवटच्या आकड्यावरून लेपन व करंट यांचा प्रकार कळतो. भारतीय मानक आयएस ८१४ यात हीच माहिती वेगळ्या क्रमाने दिलेली असते. ‘ईआर ४२११’ यातील ‘आर’ हे अक्षर रुटाइल लेपन दर्शविते, तर ‘ईबी ५४२६’ यातील ‘बी’ बेसिक लेपन दर्शविते. या पद्धतीतही तिसरा आकडाच स्थिती सांगतो. तेथे १ म्हणजे सर्व स्थिती आणि २ म्हणजे वरून खाली ओढावयाचा उभा जोड वगळून सर्व स्थिती.

बाजारात रॉडचे प्रकार पुष्कळ असले तरी शेतीच्या कामासाठी प्रारंभी दोनच ओळखले तरी चालते. पहिला ६०१३, रुटाइल लेपनाचा. तो सहज पेटतो, साध्या ट्रान्सफॉर्मर सेटवर चालतो, त्याचे स्लॅग लवकर सुटते. पत्र्याची पेटी, फाटक, खिडकी, कोळप्याची पट्टी अशा कामांस तो उत्तम. मात्र त्याची आच खोल जात नाही. दुसरा ७०१८, बेसिक लेपनाचा. त्याच्या जोडात हायड्रोजन फार थोडा शिरतो, त्यामुळे जोड चिवट होतो व झटके सोसतो. ट्रॉलीची दांडी, चेसिस, नांगराची चौकट अशा जाड व ओढ घेणाऱ्या कामांस हाच वापरावा. त्याला आर्क अगदी आखूड ठेवावी लागते. डीसी सेटवर होल्डर धन टोकास जोडावा. लहान ट्रान्सफॉर्मर सेटवर तो पुष्कळदा नीट पेटतच नाही, कारण त्याला लागणारा सुमारे ७० व्होल्टचा दाब अशा सेटला देता येत नाही. रॉड चिकटतो म्हणून दुकानदार ‘हा रॉड खराब आहे’ असे म्हणतात. बहुधा दोष सेटचा असतो.

७०१८ चा खरा शत्रू ओलावा आहे. फोडलेले पाकीट पावसाळ्यात तसेच मांडणीवर पडून राहिले की लेपन हवेतील पाणी शोषून घेते. आर्कमध्ये त्या पाण्यातून हायड्रोजन सुटतो, तो तापलेल्या पोलादात शिरतो, आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीदेखील जोडाच्या कडेला चीर जाते. काम घेऊन गेलेला शेतकरी तोवर रस्त्याला लागलेला असतो. ओलावलेले ७०१८ रॉड उत्पादकाच्या सूचनेनुसार साधारणतः ३०० ते ३५० अंशांवर एक ते दोन तास भाजून घ्यावे लागतात. ही सोय गावात क्वचितच असते. म्हणून लहान पाकीट घ्यावे, एका दिवसाला लागेल तेवढेच फोडावे, आणि शिळ्या रॉडने दांडीचे काम करू नये. ६०१३ ला ओलावा लागल्यास १०० ते १२० अंशांवर तासभर सुकविले तरी काम भागते.

रॉडची जाडी तारेच्या मापाने सांगतात, लेपनासह नव्हे. २.५, ३.१५ व ४ मिलिमीटर ही मापे नेहमीची. काही ठिकाणी हीच अनुक्रमे १२, १० व ८ नंबर या जुन्या गेजच्या नावांनी मागितली जातात. सपाट कामासाठी २.५ ला साधारण ६० ते ९० अँपिअर, ३.१५ ला ९० ते १३० आणि ४ ला १३० ते १८० अँपिअर करंट लागतो. नेमका आकडा पाकिटावर असतो. करंट कमी पडल्यास रॉड चिकटतो व रस कामावर दोरीसारखा नुसता बसून राहतो. जास्त झाल्यास रॉड लाल होतो, शिंतोडे उडतात आणि जोडाच्या कडेला खाच पडते. आर्कची लांबी तारेच्या जाडीएवढी असावी. रॉड पुढे जाण्याच्या दिशेकडे थोडा झुकलेला ठेवावा व रसावर नजर ठेवावी. ज्योतीकडे पाहणारा कधी शिकत नाही. रसामागे स्लॅग चालत असेल तर ठीक, ते रसाच्या पुढे धावू लागले तर जोडात अडकणार हे निश्चित.

स्थितीचा विचार आता सोपा होईल, कारण वितळलेले पोलाद हे द्रव आहे आणि द्रव खाली वाहतो. काम जमिनीवर आडवे असून रॉड वरून येत असेल तर ती सपाट स्थिती. येथे वजन आपल्या बाजूने काम करते. रस जागेवर राहतो, करंट पुरेसा ठेवता येतो आणि आच खोल जाते. उभ्या पृष्ठभागावर आडवी रेघ मारावयाची तर रस खालच्या कडेला ओघळतो आणि वरच्या कडेला खाच राहते. त्यासाठी रॉडचे टोक किंचित वर रोखावे.

उभा जोड नवशिक्याला सर्वांत फसवितो. तो वरून खाली ओढला तर भराभर होतो व गुळगुळीत दिसतो. पण रस आणि स्लॅग आर्कच्या पुढे घसरतात, त्यामुळे मुळाशी आच पोहोचत नाही. पातळ पत्र्याला ही रीत योग्य आहे, कारण तेथे भोक पडण्याचे भय असते. जाड पट्टीला मात्र खालून वर चढावे. करंट सपाट कामापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी ठेवावा, प्रथम खाली रसाचा एक लहानसा कट्टा बांधावा, त्यावर दुसरा, अशा रीतीने चढत जावे. दोन्ही कडांना क्षणभर थांबावे व मधला भाग लवकर ओलांडावा. काम हळू होते, दिसावयास खडबडीतही होते, परंतु ओढीचा भार तेच सोसते. डोक्यावरील जोडास आखूड आर्क, बारीक रॉड व कमी करंट लागतो. तो शिकाऊ माणसाने महत्त्वाच्या कामावर करूच नये.

यावर अनुभवी कारागिराचा उपाय साधा असतो : हात वाकविण्याऐवजी काम फिरवावयाचे. कोळपे, पाभर, नांगराची चौकट ही अवजारे दोन माणसांना सहज उलटी करता येतात. ट्रॉलीची दांडी बोल्ट काढून खाली घेता येत असेल तर अर्धा तास त्यात घालवावा. ट्रॉलीखाली उताणे पडून मारलेल्या जोडापेक्षा तो अर्धा तास स्वस्त पडतो.

आपला जोड कसा झाला हे पाहण्यास यंत्र लागत नाही. ६ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या घेऊन एक दुसरीवर उभी ठेवावी व कोपऱ्यात एकाच बाजूने जोड मारावा. थंड झाल्यावर खालची पट्टी शेगड्यात पक्की धरावी. ज्या बाजूस जोड नाही त्या बाजूने उभ्या पट्टीवर घण मारून ती जोडाच्या बाजूला वाकवावी. जोड फुटला की आत पाहावे. पट्टीचा मूळ काटकोनी कोपरा जसाच्या तसा दिसला तर आच तळाशी गेली नव्हती. काळ्या रेघा म्हणजे अडकलेले स्लॅग, सुईच्या टोकासारखी भोके म्हणजे ओलावा, गंज, तेल किंवा लांब आर्क. असे दहा-बारा तुकडे फोडून पाहिल्यावाचून कोणी दुसऱ्याच्या ट्रॉलीला हात लावू नये. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा अभ्यासक्रम चालतो. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी इच्छुक तरुणांना तेथवर पोहोचविल्यास गावाचे मोठे काम होईल.

काही धोके थोडक्यात सांगतो. दहा किंवा अकरा नंबरची काळी काच असलेल्या मुखवट्यावाचून आर्ककडे पाहू नये व जवळ जमणाऱ्या मुलांना दूर ठेवावे. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते. अशा वेळी घरगुती उपायांवर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे. ओल्या जमिनीवर उभे राहून काम करू नये. डिझेलची रिकामी टाकी किंवा पिंप यांना आर्क लावू नये, कारण आतील वाफेचा स्फोट होतो. जस्त चढविलेल्या पाइपाचा धूर छातीत गेल्यास थंडीताप भरतो. जस्त आधी घासून काढावे व उघड्यावर काम करावे. ट्रॅक्टरवरच काम करणे भाग असेल तर बॅटरीच्या तारा सोडवाव्यात आणि अर्थचा चिमटा जोडाशेजारीच लावावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जाऊन ते खराब करतो.

राहता राहिली तडकलेली दांडी. चिरेवर नुसता नवा थर चढविणे म्हणजे चीर झाकणे होय. ती दुरुस्तीपूर्वी ट्रॅक्टरपासून सोडवावी. चिरेच्या दोन्ही टोकांशी लहान भोक पाडावे, मग ग्राइंडरने चीर तळापर्यंत उकरून व्ही आकाराची खाच करावी. रंग, गंज व ग्रीस निघून धातू स्वच्छ दिसला पाहिजे. जोड सपाट येईल असे काम ठेवून कोरड्या ७०१८ रॉडने एकावर एक थर द्यावेत व प्रत्येक थरानंतर स्लॅग छिन्नी-हातोडीने व तारेच्या ब्रशने पूर्ण काढावे. वरून आधाराची पट्टी जोडता आली तर अधिक चांगले. काम आपोआप थंड होऊ द्यावे, पाणी ओतू नये. दांडीच्या टोकाची कडी व तिची पिन झिजली किंवा तडकली असेल तर तिला वेल्डिंग न करता नवी घालावी, कारण ही कठीण पोलादाची असू शकते आणि साध्या जोडाच्या कडेलाच ती पुन्हा तुटते. दुरुस्त केलेली दांडी पहिल्या दोन-तीन खेपांनंतर पुसून, जोडाच्या दोन्ही कडा उजेडात पाहाव्यात.