हातच्याला भिऊ नकोस

ये गं, दार लोटून घे. आईला मी काही बोललेले नाही. पण अकरावीला गणित सोडायचं तू ठरवलंयस, हे तुझ्या कोऱ्या वहीवरून कळलं मला. सोड म्हणणार नाही, धरही म्हणणार नाही. आधी माझी एक फजिती ऐक. आजवर कुणाला सांगितलेली नाही.

नववीत मला एक गंमत सापडली होती. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. असं करत नऊ एक ओळीने लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१! मी ऐटीत फळ्यावर लिहिलं. बाई म्हणाल्या, "छान. आता दहा एक घे." मी मागचापुढचा विचार न करता मध्ये १० कोंबून दिले. सगळा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही बघ.

चूक कुठे होती, ते मला कितीतरी उशिरा उमगलं. तो गुणाकार मांडून बघ. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १, पुढच्यात दोन, मधल्या घरात नऊ, मग पुन्हा उतरण. म्हणजे ती संख्या म्हणजे नुसती मोजदाद आहे गं! अंकांची बेरीज करून बघ, ८१ येईल. नऊ नव्वे एक्क्याऐंशी; मांडलेले सगळे एक त्यात आले.

दहा एक घेतले की मधल्या घरात दहा जमतात. एका घरात दहा मावत नाहीत. तिथे शून्य राहतं, हातचा एक शेजारी जातो. शेजारच्या नवाचे दहा होतात, तिथेही शून्य. त्यापुढच्या आठाचे नऊ होतात, आणि तिथे हातचा थांबतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा आठ गायब! नियम मोडला नव्हता, मीच हातचा विसरले होते.

या संख्यांना 'डेम्लो' म्हणतात. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्टेशनवरून हे नाव ठेवलं. मास्तरांना गाडीच्या वाटेवर सुचलेलं गणित ते. त्याला कुठे मोठी प्रयोगशाळा लागली?

आणि शून्याचं म्हणशील, तर ते आपल्या उशाशीच आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या चढणीवर चतुर्भुज मंदिरातला इ. स. ८७६ चा शिलालेख आठवतो? २७० हात लांब, १८७ हात रुंद बाग, आणि देवाला रोज ५० हार. त्या २७० आणि ५० मधलं शून्य म्हणजे इवलंसं वर्तुळ. लहानपणी आपण दोघी तिथे नुसते फोटो काढून खाली आलो. त्या वर्तुळाचं काम मात्र घर राखायचं. माझ्या फळ्यावर मी त्याला नेमकं तेच करू दिलं नाही.

एवढंच सांगायचंय. नमुना दिसला की हरखून जा, पण तो का जमतो हे विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नकोस. गणित सोडायचंच असेल तर कळून सोड, हसतील म्हणून नको.

आता वही उघड. अकरा एक मांड. मी चहा टाकते. उत्तर चुकलं तरी मला दाखव. त्या हशानंतर मी कुणाला काही दाखवलंच नाही, खरी चूक ती.