सोसायटीतलं झाड तोडायचंय? आधी त्याचं वय विचारा

ठाणे, डोंबिवली, बदलापूर, विरार, कुठल्याही उपनगरातल्या सोसायटीची सभा घ्या. पार्किंगवर आलेला गुलमोहर, टाकीला भिडलेलं आंब्याचं झाड, पायाला तडा देणारा पिंपळ असा एक तरी विषय निघतोच. मग कुणीतरी म्हणतं, "रविवारी माणूस बोलावून उरकून टाकू." हा सल्ला सगळ्यात महाग पडतो.

कायदा काय म्हणतो

महापालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. जागा तुमची असली, झाड तुम्हीच लावलेलं असलं, तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेही 'तोडणं'च धरलं जातं. खोडाला ड्रिलनं भोकं पाडून त्यात अ‍ॅसिड ओतलं, झाड 'आपोआप' वाळलं, ही युक्ती म्हणजे सरळ गुन्हा. ग्रामपंचायत हद्दीत मात्र 1964 चा वृक्षतोड कायदा पाहावा लागतो.

खर्च कुठे-कुठे येतो

*अर्ज :* शुल्क आणि अनामत प्रत्येक पालिकेची वेगळी. उद्यान विभागात दरपत्रक मागा, पैसे भरले की पावती घ्या. सोबत सोसायटीचा ठराव, झाडाचे फोटो आणि कारण जोडा.

*छाटणी :* पुष्कळदा एवढ्यावरच भागतं. तिलाही परवानगी लागते. ठेकेदाराचा दर झाडाची उंची, दोरखंड की शिडीची गाडी, आणि फांद्या कोण उचलणार यावर ठरतो. हे तिन्ही कोटेशनमध्ये लिहून घ्या. लाकूड कुणाचं, तेही त्यातच ठरवा.

*भरपाईची झाडं :* खरं बिल इथे येतं. 2021 च्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचं जितकं वय, तितकी नवी झाडं लावायची. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं जगवायची जबाबदारी तुमची. चाळीस वर्षांच्या गुलमोहराचा हिशेब करा. रोप, खड्डा, माती आणि जाळी मिळून एका झाडाला 2,000 रुपये धरले, तर 40 झाडांचे 80,000 झाले. माळी आणि पाणी वेगळं. शिवाय 40 खड्ड्यांना सोसायटीत जागा कुठे आहे? झाड 50 वर्षांचं किंवा त्याहून जुनं असेल तर ते 'वारसा वृक्ष' ठरतं आणि प्रकरण आणखी अवघड होतं.

*दंड :* विनापरवाना तोडल्यास एका झाडामागे कमाल एक लाख रुपये.

झाड खरोखर धोकादायक असेल तर

मेलेलं, रोगट, वाऱ्यानं कललेलं किंवा जीविताला धोका असलेलं झाड हे परवानगीसाठी सबळ कारण आहे. फोटो काढा, लेखी अर्ज द्या, पोच सांभाळा. वादळात झाड कोसळलं तर 101 ला फोन करा.

पैसे वाचवायचे असतील तर

खोडाला घट्ट बसलेले पेव्हर ब्लॉक काढून भोवती मीटरभर माती मोकळी करा. खिळे, फलक, दिव्यांच्या माळा काढा. पावसाळ्याआधी वाळक्या फांद्यांच्या छाटणीचा अर्ज द्या. आणि सभेत मत घेण्याआधी उद्यान विभागाकडून झाडाचं वय लिहून आणा. तो आकडा समोर ठेवला की तोडायची घाई असलेली मंडळीही छाटणीचे दर विचारू लागतात.