आधी माप, मग टाका

मुलांनो, एक गंमत पाहा. उर्दूत 'ऊन' म्हणजे ज्याचा स्वेटर विणतात ती वस्तू. मराठीत मात्र 'ऊन' सूर्याचे असते! उर्दूतील 'ऊन'ला मराठीत लोकर म्हणतात. घरी ज्याला तुम्ही सलाई म्हणता, ती मराठीत विणकामाची सुई. आणि फंदा म्हणजे टाका. हे शब्द लक्षात ठेवा. आज आपण एक स्वेटर आखणार आहोत.

समजा, दुकानाच्या काचेआड तुम्हांला एक स्वेटर दिसला. रंग गडद निळा, गळा गोल आणि छातीवर पांढरे फूल. तुमच्या धाकट्या बहिणीला तो फार आवडला. पण किंमत ऐकून अम्मी गप्प झाली. तेव्हा आपा म्हणाली, "असाच स्वेटर मी घरी विणून देईन." अम्मीने घरखर्चातून लोकरीपुरते पैसे काढायचे कबूल केले. विणताना चूक झाली तर लोकर उसवून पुन्हा वापरता येते. पण वाया गेलेल्या संध्याकाळी परत मिळत नाहीत आणि थंडीही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून आपाला मदत करा.

पहिले काम नीट पाहण्याचे. गळा किती खोल आहे? बाही खांद्याला कशी जोडली आहे? कमरेची पट्टी किती रुंद आहे? वहीत तसे चित्र काढा. मात्र दुकानातील बहुतेक स्वेटर यंत्रावर, बारीक धाग्याने विणलेले असतात. हाताने विणायची लोकर बहुधा जाड असते. म्हणून दुकानातल्या स्वेटरचे टाके मोजू नका. त्याचा आकार घ्या, रंग घ्या. टाक्यांचा हिशेब आपला आपणच करायचा.

दुसरे काम मापाचे. बहिणीची छाती ६२ सेंटिमीटर भरली. स्वेटर अंगाला घट्ट बसू नये म्हणून त्यात ८ सेंटिमीटर मिळवा. झाले ७०. म्हणजे पुढचा भाग ३५ आणि मागचा भाग ३५ सेंटिमीटर.

तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे आणि नेमके तेच लोक टाळतात. ते म्हणजे नमुना विणणे. आधी लोकरीचा एकच गुंडा आणा. त्याच लॉटचे बाकीचे गुंडे बाजूला ठेवायला दुकानदाराला सांगा. कारण लॉट बदलला की रंगात थोडा फरक पडू शकतो. आता ८ नंबरच्या सुयांवर १५ सेंटिमीटर लांबीरुंदीचा चौकोन विणा. तो धुऊन सावलीत सपाट पसरून वाळवा. मग कडा सोडून, मधल्या १० सेंटिमीटरमधील टाके मोजा.

आपाच्या नमुन्यात २२ टाके आणि ३० ओळी भरल्या. म्हणजे एका सेंटिमीटरला २.२ टाके. ३५ गुणिले २.२ बरोबर ७७. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका जास्त धरा. म्हणून पुढच्या भागासाठी ७९ टाके घालायचे. मागच्या भागासाठीही तेवढेच.

आता समजा, नमुना न विणताच आपाने ७९ टाके घातले आणि तिचा हात सैल पडला. १० सेंटिमीटरमध्ये २२ ऐवजी २० टाके आले. फरक फक्त दोन टाक्यांचा! पण स्वेटर ७० ऐवजी ७७ सेंटिमीटरचा होईल. बहिणीच्या अंगावर तो लोंबत राहील. असे झाले तर अधिक बारीक सुया घेऊन पुन्हा नमुना विणावा. ८, १०, १२ या जुन्या क्रमांकांत नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक असते, हेही विसरू नका.

राहिले छातीवरचे फूल. ते चौकटीच्या कागदावर काढा. एक चौकट म्हणजे एक टाका. पण कागदावरची चौकट जितकी रुंद तितकीच उंच असते. टाका मात्र उंचीला कमी असतो. २२ चौकटी रुंद आणि २२ चौकटी उंच असे फूल काढले, तर विणल्यावर ते १० सेंटिमीटर रुंद, पण जेमतेम सव्वासात सेंटिमीटर उंच होईल. फूल चपटे दिसेल! म्हणून कागदावर ते ३० चौकटी उंच काढा.

नमुना विणण्यात कमीपणा मानू नका. १९२७ साली पॅरिसमध्ये एल्सा स्कियापारेली या प्रसिद्ध वेशकार बाईंनी एका आर्मेनियन विणकर स्त्रीकडून एक काळा स्वेटर करून घेतला. गळ्याशी पांढरी गाठ बांधल्यासारखी दिसावी, अशी त्यावरची वीण होती. पहिला स्वेटर फसला, दुसरा थोडा बरा झाला आणि तिसरा मनासारखा जमला. पुढे त्या स्वेटरला अमेरिकेतूनही मागणी आली. दुकानात दिसणाऱ्या सुंदर वस्तूमागेही असे फसलेले प्रयत्न असतात.

स्वेटर पुरा झाल्यावर नमुन्याचा चौकोन टाकून देऊ नका. तो जपून ठेवा. उद्या बहिणीच्या स्वेटरची बाही कोपरावर विरली, तर तो उसवून त्याच रंगाची लोकर रफूसाठी मिळेल.

शब्दार्थ
आखणे – आधी योजना करणे
गुंडा – धाग्याचा गोळा
उसवणे – वीण किंवा शिवण सोडवणे
विरणे – झिजून पातळ होणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दुकानातल्या स्वेटरचे टाके का मोजू नयेत?
(आ) सर्व गुंडे एकाच लॉटचे का घ्यावेत?
२. हिशेब करा : छाती ७२ सेंटिमीटर आहे. सैलपणासाठी ८ सेंटिमीटर मिळवा. आपाच्याच नमुन्याप्रमाणे पुढच्या भागासाठी, शिवणीसह, किती टाके घालावे लागतील?
३. उर्दूत आणि मराठीत उच्चार सारखा, पण अर्थ वेगळा असे आणखी दोन शब्द शोधा.