शब्द ओळखीचा, अर्थ निराळा

पुंजभौतिकीचे इंग्रजी पुस्तक वाचताना अवघड शब्दांपेक्षा ओळखीचे शब्दच अधिक चकवतात. तीन शब्द पाहू.

क्वांटम : मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘किती’. तापलेल्या पदार्थाच्या प्रारणाचा उलगडा करताना माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये ऊर्जा ठरावीक हिश्श्यांत असते असे मानले. असा एक हिस्सा म्हणजे क्वांटम; अनेकवचन ‘क्वांटा’.

स्पिन : शब्दकोशात ‘गरगर फिरणे’. इलेक्ट्रॉन मात्र भोवऱ्यासारखा फिरत नसतो. विद्युतभाराप्रमाणेच स्पिन हा त्याचा अंगभूत गुणधर्म असून तो कोनीय संवेगाच्या रूपात मोजतात.

अन्सर्टन्टी : व्यवहारात ‘खात्री नसणे’. हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या तत्त्वात मात्र शास्त्रज्ञांची शंका किंवा उपकरणाचा दोष अभिप्रेत नाही. इलेक्ट्रॉनचे स्थान जितके नेमके, तितका त्याचा संवेग अनिश्चित, हा निसर्गाचाच नियम आहे. येथे शब्दकोशातला अर्थ घेतला, तर वाक्य कळल्यासारखे वाटते आणि भौतिकी मात्र हुकते!

म्हणून वहीत तीन रकाने आखा : शब्द, व्यवहारातील अर्थ, भौतिकीतील अर्थ. सरावासाठी ‘स्टेट’ आणि ‘फील्ड’ हे शब्द घ्या व शिक्षकांकडून तपासून घ्या.